निरंक

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मी पुरेसा काळा नव्हतो.

मंडळी, हसू नका. हे निवेदन उभं राहून ऐकण्यासारखं आहे. हा शोध लागला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, चौथीत होतो, आणि शाळेच्या ऑफिसात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी नुसत्या चड्डीवर उभा होतो. समोर गुरुजी. गुरुजींच्या हातात वाटी. वाटीत तव्याची काजळी, खोबरेल तेलात कालवलेली. स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य होतं. त्यासाठी सहा मुलं निवडली होती. पाच गावातली. सहावा मी, आमच्या कातकरवाडीतला.

म्हणजे पाच जण आदिवासी होणार होते आणि एक जण मुळातच होता.

पाच जणांना एकेक हात पुरला. गोरी पोरं ती, झटकन काळी झाली. माझी पाळी आली तेव्हा गुरुजींनी मला खिडकीकडे वळवलं. हनुवटी धरून तोंड डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग मदतीला आलेल्या बाईंना म्हणाले, "हा नुसता मळकट दिसतोय. आदिवासी दिसत नाही. याला दोन हात मारा."

दोन हात मारले. कानामागेसुद्धा.

नाचात बोलायचं काही नव्हतं. भाला वर करायचा आणि हुर्र करायचं. हे हुर्र मी आमच्या वाडीत जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आदिवासी कसे ओरडतात ते मला गुरुजींनी शिकवलं. मी चांगलं शिकलो. इतकं चांगलं की ऐनवेळी रांग सोडून पुढे आलो, जीभ बाहेर काढली, बुबुळं फिरवली, आणि पाहुण्यांच्या खुर्चीपाशी जाऊन असा एक हुर्र ठेवून दिला की पाहुण्यांच्या हातातला नारळ खाली पडला. अख्खं मैदान हसलं. टाळ्या थांबेनात.

आता लाजेची पहिली गोष्ट. मला ते फार आवडलं.

कारण त्याआधी तीन वर्षं त्या शाळेत माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. घरची आमची बोली वेगळी. शाळेत गेलो तेव्हा गुरुजी काय बोलतात ते अर्धंही कळायचं नाही. मग मी गप्प. पहिलीत गुरुजी माझ्याकडे बोट करून शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना म्हणाले होते, "कातकऱ्याचं पोर. मुकंच असतं." शिवी दिल्यासारखं नव्हे. आंबा आंबट निघाला असं सांगावं तसं. त्यांनी मला मागच्या भिंतीला बसवलं आणि विसरून गेले. मग चौथीत एका हुर्रमध्ये मी दिसायला लागलो.

आई मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होती. नाच संपल्यावर तिने मला ओढ्यावर नेलं आणि राखेने घासायला सुरुवात केली. मी बडबडत होतो. टाळ्या किती पडल्या, पाहुणे कसे दचकले. ती नुसती घासत राहिली. माझी कातडी लाल झाली तरी घासत राहिली. कानामागचं गेलं नाही. चार दिवस तसंच होतं.

त्या चार दिवसांत मी एक गोष्ट शिकलो. माणूस हसत असला की तुमच्या घराचा पत्ता विचारत नाही. तेव्हापासून मी लोकांना हसवत सुटलो.

वाडी आमची चामटोलीच्या पुढे, टेकडीच्या पोटाला. सतराव्या वर्षी ती सोडली. अंबरनाथला कारखान्यात लागलो, तो बंद पडला, मग बदलापुरातल्या एका खाजगी शाळेत शिपाई. राहायला विठ्ठलवाडीला, डेपोमागच्या चाळीत. आडनाव माझं असं आहे की ते वाड्यातही सापडतं आणि वाडीतही. नोकरीच्या कागदावर जातीच्या रकान्यात मी नुसतं 'हिंदू' लिहिलं. कुणी पुढे विचारलं नाही. विचारू दिलंच नाही मी. विचारण्याआधीच एखादी नक्कल सुरू.

आणि नकला म्हणाल तर, बढाई नाही मारत, मी मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची नक्कल त्यांच्यासमोर करायचो आणि त्याच डोळे पुसायच्या. उल्हासनगरला कापडवाले एक शेठ आहेत, सिंधी. शाळेचे युनिफॉर्म त्यांच्याकडून येतात. मी दुकानात शिरलो की गल्ल्यावरून ओरडतात, "वडी साईं, पहले मेरी नक्कल कर, फिर माल ले." शाळेतला कुठलाही कार्यक्रम असू द्या, माईक माझ्या हातात. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' हे माझं पेटंट वाक्य. पहिलीच्या पोरांनाही पाठ.

पण सगळ्यात जास्त फर्माईश व्हायची ती एका नकलेची. 'कातकरी ऑफिसात येतो.' स्टाफ रूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की केक कापल्यावर हीच. मी पाठीत वाकायचो, हात जोडायचो, दारातच चपला काढायचो, साहेब पंख्याखाली आणि मी पंख्यालाच नमस्कार करायचो. चाल माझ्या बापाची होती. हात जोडायची तऱ्हा त्याचीच. जातीचा दाखला काढायला गेला होता तो माझ्यासाठी, मी बरोबर होतो, तेव्हा पाहिलेली. चौथ्या खेपेलाही साहेब भेटले नाहीत. मी तेवढं नकलेतून गाळायचो, कारण तिथे हशा येत नव्हता.

किती वर्षं केली ही नक्कल? मोजलं नाही. मोजायची हिंमत नाही.

आता रंजी.

रंजी आमच्या शाळेत दुसरीत आली. आमच्याच वाडीची. आई बायजा, माझ्या चुलतबहिणीची मुलगी. वीटभट्टीवर जाणं बायजाने बंद केलं होतं, पोरीच्या शाळेसाठी. चिखलोलीला नव्या टॉवरच्या कामावर रेती-खडी वाहायची. पोरीला सकाळी गेटात सोडायची आणि तशीच कामावर पळायची.

रंजी वर्गात कुणाशी बोलत नसे. वर्गशिक्षिका शैलाबाई. वाईट बाई नव्हे हं. पदरचे पेन्सिल-खोडरबर वाटणारी. वर्गात पासष्ट पोरं. एकदा मी त्यांना चहा द्यायला गेलो तर त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "ही रंजना किती लाजाळू आहे ना. कातकरी मुलं असतातच अशी. हळूहळू खुलेल." आणि रंजी कुठे होती? मागच्या भिंतीला.

मी मान डोलावली. "असतातच अशी," मी म्हणालो. चहाचे कप गोळा केले.

पण मला संशय होता. का, ते सांगतो. मी बकरीचा आवाज काढतो. असा की खाटीकही फसावा. पोरं व्हरांड्यात रांगेने पाणी प्यायला आली की मी मागून जाऊन एकदम बें करायचो. सगळी पोरं टुणकन उडायची. एक पोरगी उडायची नाही. बाकीची हसायला लागली की ती त्यांच्या तोंडांकडे बघायची आणि मग हसायची. एका श्वासाने उशिरा. मी तिच्यासमोर येऊन तोंड वेडंवाकडं केलं की मात्र सगळ्यात आधी हसायची.

टाळी उशिरा पडली तर नटाला कळतं, मंडळी. मला जूनमध्येच कळलं होतं. तिला ऐकू येत नव्हतं.

जुलैत एका सकाळी बायजा गेटपाशी थांबली. मी कुलूप काढत होतो. शेजारी दोन पालक उभे होते, एक लिपिक मॅडम स्कूटी लावत होत्या. बायजा जवळ आली आणि आमच्या बोलीत मला म्हणाली, मामा, पोर घरात हाक मारली तर ऐकत नाही, वर्गात ऐकते का रे?

आमच्या बोलीत. मोठ्याने. मामा म्हणून.

लिपिक मॅडमने मान वळवली.

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. "ताई, मराठीत बोला."

बायजाला मराठी येते. तुमच्या-माझ्यासारखी येते. तिने माझ्याकडे बघितलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि गेली. पुन्हा विचारायला आली नाही. त्यानंतर रोज पोरीला गेटाच्या अलीकडे, पानाच्या टपरीपाशी सोडायची.

तीन दिवसांनी सूचना आली. दरवर्षी येते. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला अडचण आहे त्यांची नावं वर्गवार द्या, उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी आहे, तिथून चष्मे, कानाची मशीनं, जे लागेल ते मिळेल. वर्षातून एकदा. आता असल्या गोष्टी मोबाईलवर येतात, पण आमच्या मोठ्या बाईंचा मोबाईलवर विश्वास नाही. त्यांची सूचना वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची. त्या वहीत सूचना लिहायची, शिपायाने ती वर्गावर्गात न्यायची, बाईंनी वाचून समोर उत्तर लिहायचं आणि सही करायची. तो शिपाई म्हणजे मी.

शैलाबाई फळ्यावर पाढा लिहीत होत्या. मी वही पुढे केली. त्यांनी वाचली. वर्गावरून एक नजर फिरवली, ती मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. मग लिहिलं: निरंक. सरकारी मराठीत 'काही नाही' याला निरंक म्हणतात.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. शाई ओली होती. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. बाई, ती मागची पोरगी. एवढे चार शब्द.

पण बाईंनी विचारलं असतं, तुम्हाला कसं हो कळलं? तिच्या घरचे तुमच्या ओळखीचे आहेत का? आणि मग?

मी शाईवर फुंकर घातली. वही मिटली. पुढच्या वर्गात गेलो.

अख्ख्या आयुष्यात मला कुणी काय केलं याची यादी माझ्याकडे आहे, लांबलचक आहे. पण रात्री नव्हे, भर दिवसा, घंटेचा दोर हातात असताना आठवते ती ही फुंकर.

वर्ष गेलं. रंजी तिसरीत आली. वर्गाबरोबर शैलाबाईही वर गेल्या. रंजीला अक्षरं बघून काढता यायची, वाचता एकही यायचं नाही. प्रगतिपुस्तकावर शेरा: 'शांत व आज्ञाधारक.'

ऑगस्टात शाळेत आदिवासी दिन. मोठ्या बाईंना हौस. संस्थेचे लोक येणार, पालक येणार, हॉलमध्ये कार्यक्रम. मला बोलावलं आणि म्हणाल्या, "मेकअप तुमच्याकडे. आणि यंदा आपल्याकडे ओरिजिनल मुलगी आहे हं, रंजना. तिला पुढे उभी करा." रंग ऑनलाइन मागवला होता. ट्यूबवर लिहिलेलं, त्वचेला अपाय नाही. बघा प्रगती. आमच्या वेळी काजळी होती.

त्याच सकाळी, बरोबर त्याच सकाळी, सूचना वहीही माझ्या बगलेत आली. पुन्हा तपासणी. पुन्हा यादी. आजच दुपारी चारपर्यंत अंबरनाथला गटसाधन केंद्रात पोचवायची, तालुक्यातल्या याद्या तिथे गोळा होतात. पुढची यादी पुढच्या वर्षी.

नकाशांच्या खोलीत पोरं रांगेत उभी केली. खरं सांगतो, नकाशांचीच खोली. मी ट्यूब पिळली. चार जणांची तोंडं झाली. मग रंजी पुढे आली. तिच्या अंगाला तोच वास होता, धुराचा आणि मोहाच्या तेलाचा, आमच्या घराचा. मी डोळे मिटून दाखवले, तिने मिटले. कपाळाला रंग लावला, पापण्यांवर लावला, नाकाला लावला. मग म्हणालो, "उघड."

डोळे मिटलेलेच.

मी पुन्हा म्हणालो. मग आमच्या बोलीत म्हणालो. खोलीत पोरं होती, तरीही म्हणालो. तीस-पस्तीस वर्षांनी तोंडातून ते शब्द निघाले. तिने ऐकले नाहीत. ती उभी होती, डोळे घट्ट मिटून, चेहरा वर करून, कुणीतरी हात लावेल तेव्हा उघडायचे म्हणून. तिला सवय होती वाट बघायची. हे दुसरं वर्ष ती अशीच उभी होती आणि वर्षभर मला ठाऊक होतं.

तेवढ्यात शैलाबाई डोकावल्या. घाईत होत्या. "अहो, हिचा पुसट दिसतोय. अजून एक हात मारा ना."

माझा हात थांबला. माझ्या स्वतःच्या कानामागे काहीतरी चरचरलं.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"एकही हात नाही, बाई. काढतोय."

मी रुमाल ओला केला आणि तिचा चेहरा पुसायला लागलो. हळू. राखेने घासल्यासारखं नाही. कानामागे काही लागलं नव्हतं तरी तिथेही पुसलं. तिने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, आता हा काय गंमत करतो म्हणून. मी काही गंमत केली नाही.

मग तिला घेऊन हॉलमध्ये गेलो. माईक माझाच होता, कुणी अडवायचा प्रश्न नव्हता. पहिल्या रांगेत संस्थेचे लोक, मोठ्या बाई. मी म्हणालो, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की," आणि पोरांनी नेहमीसारखा गलका केला. मग मी आमच्या बोलीत दोन वाक्यं बोललो. मी कातकरवाडीचा आहे. ही माझ्या भाचीची लेक आहे.

हॉल हसला.

हसला, मंडळी. टाळ्याही पडल्या. त्यांना वाटलं, झाली नक्कल सुरू. मागून लिपिक मॅडमचा आवाज आला, "आता पंख्याला नमस्कार करतील बघ."

मी मराठीत म्हणालो, "ही नक्कल नाही." आणखी हशा. एवढी वर्षं जे कमावलं ते हे. मी खरं बोलायला लागलो तर त्याचीही नक्कल झाली. पळून जावंसं वाटलं. बाजूला रंजी उभी होती, ती लोकांच्या तोंडांकडे बघून हसायला लागली. एका श्वासाने उशिरा.

मग मी माईक खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणालो, "माझी आई कातकरीण होती. बाप कातकरी. मी कातकरी. ज्या म्हाताऱ्याची नक्कल बघून तुम्ही हसता तो माझा बाप आहे. ती नक्कल आजपासून बंद. आणि या पोरीला ऐकू येत नाही. ती लाजाळू नाही. मला वर्षभरापासून माहीत आहे. मी सांगितलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. पंखे तेवढे वाजत होते.

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावलं. शैलाबाई भिंतीला टेकून उभ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं आम्हाला फसवलंत." खरोखर दुखावल्या होत्या. मग म्हणाल्या, "आणि पाहुण्यांसमोर? मला येऊन सांगता आलं असतं. बसून बोलू आपण. उद्या बोलू."

मी सूचना वही टेबलावर ठेवली. "उद्या नाही, बाई. चारपर्यंत आहे. आधी नाव लिहा, मग मला काय करायचं ते करा."

"असं कसं लिहिणार? आधी तिच्या पालकांना बोलवावं लागेल, डॉक्टरांचं काहीतरी लागेल—"

"तपासायलाच नेताहेत ना. तपासण्याआधी डॉक्टरचा कागद कुठून येईल?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही शिपाई आहात, हे विसरू नका."

"नाही विसरत. वही नेणं माझं काम आहे. निरंक लिहिलेली वही आज मी नेणार नाही."

मी बापासारखा वाकलो नाही, एवढंच. शैलाबाई पुढे आल्या. त्यांनी वही ओढली, पेन शोधलं, आणि रंजीचं पूर्ण नाव लिहिलं. लिहिताना थांबल्या. "आडनाव काय हिचं?" त्यांनी विचारलं. दुसरं वर्ष पोरगी त्यांच्या वर्गात होती. हजेरीत रोज आडनाव घेत होत्या त्या. तिने ओ दिली नाही की पुढच्या नावावर जात होत्या.

मी आडनाव सांगितलं. माझंच होतं, अर्ध्या वाडीचं असतं तेच.

चारला दहा कमी असताना यादी पोचवली.

आता तुम्ही म्हणाल, चला, शेवट गोड. नाही. पुढच्या आठवड्यात बायजा, रंजी आणि मी उल्हासनगरला गेलो. बायजाने कामावर खाडा केला होता. वाटभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हॉस्पिटलात व्हरांडाभर रांग. तपासणाऱ्या मॅडमनी रंजीच्या कानाला यंत्र लावलं, बटणं दाबली, कागदावर रेघा काढल्या. मग बायजाला नीट समजावून सांगितलं. कानाचं मशीन मिळेल. आवाज येतील. पण आवाज येणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं. बोलायचं मेंदूत शिरतं ते लहानपणी, आणि ते वय निघून चाललंय. "एक वर्ष आधी आणली असतीत तर खूप फरक पडला असता," त्या म्हणाल्या. त्यांनी मुद्दाम एक वर्ष म्हटलं नसणार. ते त्यांच्या तोंडात सहज आलं.

ते एक वर्ष माझं आहे. ते कुठल्याच योजनेत परत मिळत नाही. रंजीला मशीन मिळालं. ती आता काही शब्द बोलते, काही बोलणार नाही, आणि कुठले बोलणार नाही हे कुणीच सांगू शकत नाही. तिला ऐकू येत नव्हतं तेव्हाच मी माफी मागितली असती, तर ती निदान कुणाला ऐकवण्यासाठी नसती, खरी असती.

मी माफी मागत फिरत नाही. मी आता एवढं करतो. सूचना वही अजून माझ्याच हातात आहे. ज्या पानावर निरंक लिहिलं जातं तिथे मी दारात उभा राहतो आणि विचारतो, बाई, मागच्या भिंतीपर्यंत गेलात का? एकेका पोराजवळ गेलात का? राग येतो त्यांना. यावा. दोन मेमो आलेत मला, तिसराही येईल. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, सहा वर्षं मी दारात उभा राहणार. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या पोरांची नावं यादीतून गळतात, म्हणून जूनमध्ये मी स्वतः वाड्यांवर जातो. चामटोलीच्या, पलीकडच्या, जिथे पाय पोचतील तिथे. पोरं गोळा करतो आणि मागून बकरीचा आवाज काढतो. जे उडत नाही त्याचं नाव लिहितो. आमच्या बोलीत विचारतो, आमच्या बोलीत सांगतो. 'मराठीत बोला' असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते मला म्हणावं, माझ्या वाडीतल्या बाईला नाही.

कातकऱ्याचं पोर मुकं नसतं. त्याला मुकं लिहून ठेवणारे असतात, आणि त्यावर फुंकर घालणारे असतात. मी दुसऱ्या जातीतला होतो. आता नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर एक वाक्य उरतं. ते मी आजवर एकाही कार्यक्रमात सांगितलेलं नाही, कारण त्याची नक्कल मला जमत नाही. त्या दिवशी उल्हासनगरच्या त्या व्हरांड्यात, मॅडमचं बोलणं संपल्यावर, बायजाने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं आणि मराठीत विचारलं, "कवापासून ठावं व्हतं तुला?" मी खरं सांगितलं. गेल्या वर्षीच्या जूनपासून. ती चिडली नाही. रडलीही नाही. तिला ते कळेचना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पोरीसारखी, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"पर तू तर दिसभर बोलतच असतोस की रे, मामा."